पाठवल्याशिवाय जाता येत नाही

माझा धंदा आवाजाचा. पांढुर्ण्यात साड्यांचा सेल लागला की ऑटोवर भोंगा बांधून गल्लीगल्लीत मी फिरतो. सौंसरला नेत्याची सभा असली की नेता येईपर्यंत लोकांना खुर्चीवर चिकटवून ठेवायचं काम माझं. "पाचच मिनिटांत पोहोचत आहेत" हे वाक्य मी इतक्या वेळा इतक्या विश्वासानं म्हटलं आहे, की साहेब अजून छिंदवाड्यातच जेवत आहेत हे माहीत असणारी माणसंही माना वळवून रस्त्याकडे बघतात. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर सभा इतक्या वाढल्या की घशाला सुटीच नाही. जत्रेत हरवलेल्या पोरांच्या आया मी शोधून दिल्या आहेत, आणि एकदा तर हरवलेला नवरदेवसुद्धा. तो हरवला नव्हता, पळाला होता, पण माईकवर मी "हरवला" म्हटलं आणि दोन्ही घरांची लाज राखली.

आणि वर्षातून एक दिवस मी देवदूत होतो.

आमची ख्रिस्ती मंडळी सौंसरची. लहानशी, जुन्या काळी विदर्भातून कापसाच्या कामाला आलेल्या घरांची. ईस्टरच्या पहाटे बायांना येशूची कबर रिकामी सापडली आणि देवदूतानं तो उठल्याचं सांगितलं, त्याची आमची एक रीत आहे. ती मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही. गावाबाहेर मोहगावच्या वाटेला आमचं कबरस्तान आहे. अंधार असतानाच बाया तिकडे निघायच्या. हातात तेलाचा गडू, तोंडातून अवाक्षर नाही. पुरुष मागून यायचे आणि फाटकाशी थांबायचे. त्यांना आत यायची परवानगी नाही. आत मी आधीच लपलेला असायचो. एका जुन्या गोऱ्या साहेबाची मोठी सिमेंटची कबर आहे, नाव पार पुसून गेलेलं. तिच्यामागे अंगावर पांढरी चादर घेऊन मी बसायचो. बाया जवळ आल्या की मी विचारायचो, "कोनाले शोधून राहिल्या बायांनो?"

त्या म्हणायच्या, "आमच्या प्रभूले."

मग मी म्हणायचो, "तो इथं नाही. तो उठला. जा, सांगा."

हे बोलीतच बोलायचं, हा आमच्या म्हाताऱ्यांचा हट्ट होता. पुस्तकी मराठी बोलणारा देवदूत आमच्या बायांना ओळखू आला नसता. नियम दोनच. सांगितल्याशिवाय जायचं नाही, आणि सांगितल्यावर थांबायचं नाही. बाया तशाच वळायच्या, मागे न बघता फाटकाकडे धावायच्या आणि सूर्य वर यायच्या आत पुरुषांना बातमी द्यायच्या. एरवी घरात ज्यांचं ऐकलं जात नाही अशा बायांकडून त्या दिवशी मिशाळ माणसांना गप उभं राहून बातमी ऐकून घ्यावी लागायची. मला ते दृश्य इतकं आवडायचं की मी कबरीमागून चोरून बघायचो.

आधी सगळे पायी जायचे. मग मोटारसायकली आल्या. मग कोणाच्या तरी भाच्याची जीप आली, आणि फाटकाशी उभे राहणारे पुरुष फाटकाशी बसू लागले, काचा वर करून. गडूतल्या तेलाच्या जागी अत्तराची कुपी आली. एका साली तर एका पोरीनं पर्समधून अंगावर मारायचा फवारा काढला आणि प्रभूच्या नावानं साहेबाच्या कबरीवर फुस्स करून मारला. मी मागे होतो. माझ्या डोळ्यांत गेला. त्या वर्षी देवदूत रडत रडत बोलला आणि सगळ्यांना वाटलं, काय भाव आहे!

यंदा ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर कमिटी बसली. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमचे सचिव आहेत. त्यांनी विषय काढला.

"मी काय म्हणून राहिलो," ते म्हणाले, "थंडी, दव, म्हातारी माणसं. कोणाचा पाय मुरगळला तर?"

"आन मागच्या साली तिथं साप निघाला होता," एक वहिनी म्हणाल्या.

"साप नाही निघाला. दोरी होती ते."

"पन साप असता तर?"

आमचे पाळक तरुण आहेत, दोन गावांच्या मंडळ्या सांभाळतात, रविवारी एकीकडून दुसरीकडे धावताना त्यांचा शर्ट ओला होतो. ते हसून म्हणाले, "प्रभू काही त्या कबरस्तानात अडकून नाही ना. तो इथेही आहे."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. या वाक्याला आमेन म्हणणार नाही असा ख्रिस्ती कुठे सापडणार? मग ठरलं. सकाळी नऊ वाजता, हॉलमध्ये, पंख्याखाली. नंतर पुरी-भाजी आणि शिरा. सचिव माझ्याकडे वळले. "आन भाऊ, तुमी पडद्यामागं. माईक देऊ. इको लावू थोडा."

इको! खरं सांगतो, माझ्या छातीत मोर नाचला. इतकी वर्षं त्या ओल्या सिमेंटमागे गुडघे दुमडून, मच्छर मारत, तोंडानं घुमवून घुमवून आवाज काढला होता. आता माझं "तो उठला" हॉलच्या चारी भिंतींवर आपटून परत येणार होतं. घरी जाताना वाटेतच मी दोनदा म्हणून पाहिलं. एक कुत्रा उठला.

त्या बैठकीत एकच बाई काही बोलली नाही. सगळ्या मंडळीची मावशी. ती बोरगावच्या शाळेत शिकवायची. आमच्यातल्या अर्ध्या लोकांना तिनं पाढे आणि उरलेल्यांना मार शिकवला. बायांकडून पहाटेचं ते उत्तर पाठ करून घेणारीही तीच. मागच्या पावसाळ्यात तिची एकुलती एक मुलगी गेली. नागपूरला नर्स होती, काविळीनं गेली. तिला आम्ही त्याच कबरस्तानात ठेवलं, चिखलात, छत्र्यांखाली. ही पोरगी लहान होती तेव्हा एका ईस्टरला आईच्या हातून सुटून माझ्या कबरीमागे आली होती. चादरीत बसलेल्या मला तिनं नीट बघितलं आणि खिदळून विचारलं, "काका, तुमी मेले का?" तेव्हापासून दरवर्षी त्या कबरीमागे बसलो की मला ते खिदळणं ऐकू यायचं, आणि मजा वाटायची.

ती गेल्यापासून तिचा बाप गप झाला. आमचे हे काका म्हणजे फाटकाशी सगळ्यांत पुढे उभे राहणारे. मोठ्यानं गाणारे, मोठ्यानं भांडणारे. पोरीला माती दिली त्या दिवशी घरी येऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले ते जवळजवळ तसेच राहिले. मंडळीत येणं बंद, प्रार्थना बंद. जेवायला उठत, दोन घास खात, परत भिंत. पाळक गेले, सचिव गेले, मीही गेलो आणि दोन विनोद सांगून आलो. भिंत हसली असेल तर असेल.

शनिवारी संध्याकाळी मावशी माझ्या घरी आली. बसली नाही. दारातच उभी राहिली.

"उद्या तू येशीन ना?"

"येतो ना मावशी. नऊ वाजता. इको लावून राहिले."

"मी हॉलचं नाही विचारून राहिली."

माझी बायको आतून चहाचं विचारत होती. मावशीनं हातानंच नको म्हटलं.

"कबरस्तानात, मावशी? पन तिथं कोनी येनार नाही. कमिटीनं ठरवलं ना."

"कमिटीनं ठरवलं. मले कोनी इचारलं नाही. मी जाऊन राहिली."

"एकट्याच?"

"बाई एकटी असली तं देवदूत सुटी घेते का?"

मी हसलो. ती हसली नाही. मग खाली बघत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "तुह्या काकाले मी रोज सांगून राहिली. पोरगी प्रभूपाशी हाय, रडू नको, असं नको करू. तो आयकतच नाही. म्हनते, तू आपल्या मनानं बोलून राहिली. तुले काय मालूम? आन खरं हाय ना, बापा. मी आपल्या मनानंच बोलून राहिली. मले कोनी पाठवलं नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? जा, सांग, असं मले कोनी म्हनलं का? तिथं जाऊन मले आयकाचं हाय. मंग मी जाईन आन त्याले सांगीन. तेवाच तो आयकंल. नाही तं हा माणूस भिंतीकडेच मरन."

एवढं बोलून ती गेली. तिच्या मागे माझी बायको म्हणाली, "आता?" मी म्हणालो, "काय आता? म्हातारीचं मन राखायचं. पाच मिनिटांचं काम." माझा आवाज अगदी उमदा होता, नेते पाच मिनिटांत पोहोचत आहेत तेव्हाचा.

मी फटफटी फाटकापाशी लावली तेव्हा पूर्वेला नुसती राखेसारखी रेघ होती. इतक्या वर्षांत तिथे एकटा मी कधी नव्हतो. मी आधी येऊन लपायचो हे खरं, पण तेव्हा मागून येणाऱ्या माणसांची एक ऊब असते. कोणाचा तरी खोकला, चपलांचा आवाज, पोराला दिलेली दबकी धमकी. त्या दिवशी काहीच नव्हतं. संत्र्याच्या बागांतून गार हवा येत होती आणि तिला नुसता मातीचा वास होता. मी चादर पांघरली आणि साहेबाच्या कबरीमागे बसलो. आणि ऐकलं, कोणीतरी चालत आहे.

टप. थांबून टप. मग दोन पावलं पटकन.

तुम्ही हसाल. स्वर्गातून आलेला दूत चादर डोक्यावरून ओढून भुताच्या भीतीनं प्रभूची प्रार्थना म्हणत होता, तीही मधलीच ओळ परत परत. बऱ्याच वेळानं डोक्यात उजेड पडला. कोपऱ्यात मोहाचं मोठं झाड आहे आणि पहाटे मोहाची फुलं गळतात. जड, रसाळ फुलं, सिमेंटवर पडली की पाऊल पडल्यासारखी वाजतात. कळलं, तरी भीती गेली नाही. झाड कोपऱ्यात आहे. आवाज इकडूनही येत होते. नव्या मातीच्या त्या ढिगाकडून, जो बरोबर माझ्यासमोर होता. वारा फुलं उडवून आणत असेल. मी स्वतःला तसं सांगितलं. आणि दरवर्षी मजा वाटायची ते खिदळणं यंदा ऐकू येऊ नये म्हणून कान बंद करून घेतले.

कानावरचे हात काढले तेव्हा मावशी आलेली होती.

ती कधी आली कळलंच नाही. हातात पितळेचा गडू, डोक्यावर पदर, बाया यायच्या तशीच गप. पण साहेबाच्या कबरीकडे ती आली नाही. पोरीच्या ढिगाऱ्यापाशी थांबली, खाली बसली आणि गडू शेजारी ठेवला. आणि वाट बघू लागली.

मी घसा साफ केला. "कोनाले शोधून राहिली बाई?"

"माह्या पोरीले," मावशी म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, पण ते वाक्य या उत्तराचं नव्हतं. माझ्या आयुष्यात माईकवर माझं बोलणं अडलेलं नाही. वीज गेली, मंडप पडला, नवरदेव पळाला, मी बोलत राहिलो. इथे नुसती एक म्हातारी मातीपाशी बसली होती आणि मोहाची फुलं पडत होती.

"काऊन अडला?" ती म्हणाली. आवाज शाळेतला, पाढा अडल्यावरचा.

"मावशी, असं नाही ना आपल्यात. आपलं उत्तर वेगळं हाय."

"आपलं उत्तर मीच शिकवलं बायांले. मालूम हाय मले. पन त्याले मी काऊन शोधू? तो उठला हे मले पक्कं मालूम हाय. पोरीचं मालूम नाही. म्हणून पोरीचं विचारून राहिली. आता तू पुढचं बोल."

पुढचं काय? "ती इथं नाही." हे म्हणायचं? मी त्या दिवशी इथेच होतो. खड्ड्यात पाणी साचत होतं म्हणून आम्ही घाई केली होती. मूठभर चिखल मी माझ्या हातानं टाकला होता, आणि तो लाकडावर पडल्याचा आवाज मला आठवत होता. ती इथेच होती. चार हातांवर, माझ्यासमोर. इतकी वर्षं मी रिकाम्या कबरीबद्दल बोललो होतो, दुसऱ्या देशातल्या, फार जुन्या. हिच्यात माणूस होतं. आमच्यातलं.

"मी काही खरा देवदूत नाही ना, मावशी," मी कबरीमागूनच म्हणालो.

"नाहीस ना. तुह्या चपला दिसून राहिल्या."

मी चपला आत ओढल्या.

"खरा देवदूत कोनं पाह्यला?" ती म्हणाली. "पोस्टमन चिठ्ठी लिवते का? त्याचं काम आनून द्याचं. तू हे खरं मानतोस का नाही, तेवढं सांग. मानत नसशीन तं घरी जा. मी बसीन इथं. कोनी तरी येईन."

"मानतो ना!" मी म्हणालो. छातीतून, घुमवून.

"हा सेलचा आवाज हाय," मावशी म्हणाली. "सकाळी सकाळी मले साडी नाही पायजे."

असं टोचून कोणी कधी विचारलं नव्हतं. रविवारी हात वर करतो, गातो, आमेन म्हणतो, आणि मधे कुठेतरी मानणं हे आपोआप होत असेल असं धरून चालतो. घरात दिवा लागलेला आहे एवढं माहीत असतं, तेल कोणी बघत नाही. आता ही बाई तेल विचारत होती.

पूर्वेची राख तांबूस झाली. बागेतून एक मोर ओरडला. दोन बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला फाटकापर्यंत आल्या. आत चादरीतला माणूस आणि ढिगाऱ्यापाशी बसलेली म्हातारी बघून त्या आल्या पावली वळल्या, आणि थोड्या अंतरावर जाऊन धावत सुटल्या.

"दिवस निघून राहिला," मावशी म्हणाली. आता तिचा आवाज शाळेतला नव्हता. "दिवस निघाल्यावर सांगतलेलं चालत नाही रे. लौकर सांग बाप्पा. मी जाऊ कशी?"

तेव्हा मी जे केलं ते आमच्या रितीत कुठेच नाही. देवदूत कधी बाहेर येत नाही. मी उठलो. गुडघे वाजले. चादर कबरीच्या कोपऱ्यात अडकली, तिला हिसका दिला आणि ती तशीच फरफटत घेऊन मी ढिगाऱ्याच्या पलीकडे, मावशीच्या समोर जाऊन उभा राहिलो. मातीवर गवताची पाती उगवली होती. मोहाची चार फुलं पडलेली होती. मी त्यांच्याकडे बघत होतो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"ती इथं नाही," मी म्हणालो.

तो आवाज माझा नव्हता. म्हणजे दुसऱ्या कोणाचा होता असं नाही. हे मी नीट सांगतो, नाहीतर तुम्ही चमत्कार समजाल. तो चिरका, कोरडा, झोपेतून उठलेल्या माणसाचा आवाज होता. कोणी मला त्या आवाजाचा एक पैसा दिला नसता. लहानपणी तोच माझा असावा.

"आन?" मावशी म्हणाली.

"तो उठला. म्हणून ती बी उठन."

"आन?"

"जा. काकाले सांग."

मावशीनं गडूतलं तेल मातीवर ओतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि निघाली. आभार नाही, रडणं नाही, मागे वळून बघणं नाही. सांगितल्यावर थांबायचं नाही. मीच तिथे उभा राहिलो. जे बोललो ते खोटं असतं तर मी इतका घाबरलो नसतो. खोटं मी रोज बोलतो आणि गोड झोपतो. आता वाटत होतं की हे खरं आहे, आणि ते कोणीतरी ऐकलं आहे, मावशीशिवाय. मागे टप आवाज झाला. मी वळून न बघता धावलो.

फटफटी तिथेच राहिली. मी मावशीच्या मागे पायी सौंसरात शिरलो. चादर अजून अंगावर होती हे मला स्टँडवर कळलं. चहावाल्यानं हाक मारली, "भाऊ, कोन्या पार्टीचा प्रचार?" नागपूरची गाडी घुरघुरत उभी होती. कंडक्टर "नागपूर, नागपूर" ओरडता ओरडता थांबला आणि मला बघत राहिला. वाटेत मावशीची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "सलाम मावशी, इतक्या सकाळी?" मावशीनं नुसती मान हलवली. तोंडात पाणी धरून चालणाऱ्या माणसासारखी ती चालत होती. एका माणसासाठीचा शब्द होता, तो वाटेत सांडायचा नव्हता.

तिचं घर आलं. ती आत गेली. मी उंबऱ्याबाहेर, दाराआड उभा राहिलो. जायला हवं होतं, पण पाय गेले नाहीत. आत खाटेवर काकांची पाठ दिसत होती. बनियनवरून मणके मोजता आले असते.

"आयकून राहिले का?" मावशी म्हणाली. "ती तिथं नाही. तो उठला, म्हणून ती बी उठन. मले सांगतलं, जा, काकाले सांग."

पाठ हलली नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मग भिंतीकडूनच आवाज आला, "कोन म्हनलं?"

"देवदूतानं."

"तो भोंगेवाला?"

"तोच."

मला वाटलं, संपलं. माझंच नाव सांगितल्यावर कोण मानेल? मी एक पाऊल मागे घेतलं.

"त्यानं तं माती टाकली होती तिच्यावर," काका म्हणाले. "माह्या बाजूले उभा होता."

"हव. त्यानंच म्हनलं."

खाट करकरली. ते वळले नव्हते, नुसते थोडे हलले होते. आणि मग इतक्या हळू आवाजात, की मला कान दाराला लावावा लागला, ते म्हणाले, "पुन्हा सांग."

मावशीनं पुन्हा सांगितलं. ती खाटेच्या कडेवर बसली होती.

"पुन्हा."

तिनं पुन्हा सांगितलं. ते म्हणत राहिले, ती सांगत राहिली, शब्द तेच. प्रत्येक वेळी ती नव्यानं बातमी आणल्यासारखी सांगत होती, जराही वैतागली नाही. शेवटी एकदा तिचं वाक्य मध्येच तुटलं. "ती तिथं..." म्हणून ती थांबली. तेव्हा काकांनी ते पुरं केलं. "नाही," ते म्हणाले. ते विचारत होते की सांगत होते, मला आजही सांगता यायचं नाही.

माझ्या खिशात फोन थरथरत होता. हॉलमध्ये माईक लागला असणार, शिरा होत आला असणार. मी उचलला नाही.

"बाहेर कोन हाय?" काकांनी विचारलं.

मी दारात आलो. ते उठून बसले होते. दाढी छातीपर्यंत, डोळे आत गेलेले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"चादर काऊन पांघरली? ताप हाय का?"

"नाही काका. तशीच राहिली."

"अंधारात गेला होता?"

"हव."

"भेव नाही लागलं?"

"लय लागलं."

"मंग गेला काऊन?"

"मावशीनं सांगतलं."

काकांनी मावशीकडे बघितलं, बऱ्याच महिन्यांनी बघितलं असेल. "हिनं सांगतलं की जावंच लागते," ते म्हणाले. मग खाटेखाली पाय चाचपून चपला शोधू लागले. एक सापडली. दुसरी मावशीनं वाकून काढून दिली आणि वरची धूळ पदरानं पुसली.

"कुठं?" तिनं विचारलं.

"मले पाहू दे ना," काका म्हणाले. "माती दिल्यापासून मी पाह्यलंच नाही. गवत आलं असन."

"आलं हाय," मी म्हणालो.

भिंत धरत धरत ते दारापर्यंत आले. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, मावशीचा घेतला. दिवस आता चांगला वर आला होता. रीतीप्रमाणे सांगायची वेळ टळून गेली होती. गल्लीत उतरताना त्यांचा पाय अडखळला आणि मावशीनं त्यांना दटावलं, "नीट चाला ना, पडान." त्यांनी उलट उत्तर दिलं. काय ते ऐकू आलं नाही, पण सूर भांडणाचा होता. जुना.

ते वळणावरून दिसेनासे झाले. मी त्यांच्या घरात एकटा उरलो, दार उघडं, खाटेवर त्यांच्या अंगाचा खळगा अजून तसाच. भिंतीवर पोरीचा फोटो होता, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतला. ती माझ्याकडे बघून हसत होती, लहानपणी कबरीमागे येऊन विचारताना हसली होती तशीच. मी चादर काढून घडी करायला गेलो आणि मला ती काढवेना.

"नाही," मी तिला म्हणालो, "मी अजून नाही मेलो."

बाहेर कोणी ऐकलं असतं तर वेडा म्हणालं असतं. पण मला त्या वेळी खरोखर वाटलं, की आता तिलाही सांगायला हवं.